अभ्रा आणि अस्तर

इतिहासाची साधने कोणती, असा प्रश्न कोणी केला तर आम्ही अध्यापक मंडळी ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी, शकावल्या आणि दप्तरखान्यातील मोडी कागद यांची नावे एका दमात सांगून मोकळे होतो. ही यादी चुकीची आहे असे आमचे म्हणणे नाही. पण ती अपुरी आहे, आणि तिचा अपुरेपणा आम्हांस ज्या वस्तूने पटवून दिला, ती वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी आजही एखाद्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा कपाटाच्या तळाशी पडलेली असेल. ती वस्तू म्हणजे गोधडी. सातारा-कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलासाठी लहान आकाराची केली की तिचे दुपटे होते. आणि विरक्ताच्या खांद्यावर गेली की तीच कंथा म्हणून वंदनीय ठरते. नावे निरनिराळी असली तरी कृती एकच आहे. जुन्या, विरलेल्या वस्त्रांचे थर एकावर एक मांडावयाचे आणि सुईदोऱ्याने ते एकजीव करावयाचे, एवढाच तिचा सारांश.

या वस्तूचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास पहिल्याच पावलाला एक चमत्कारिक अडचण येते. पैठणी, शालू, शेला ही वस्त्रे वर्षातून दोन वेळा अंगावर येतात आणि उरलेला काळ घडीत जातो. म्हणून ती दोनदोनशे वर्षे टिकतात आणि शेवटी वस्तुसंग्रहालयात काचेआड जाऊन बसतात. गोधडी मात्र रोज रात्री कामास येते. ती वापरून वापरून झिजते, तिच्यावर नवा पदर चढवून ती पुन्हा वापरतात, आणि अखेर तिचे पायपुसणे अथवा पोतेरे होऊन ती नाहीशी होते. म्हणजे जी वस्तू माणसाच्या सर्वांत जास्त उपयोगी पडली, तीच पुढच्या पिढीच्या अभ्यासकाच्या हाती लागत नाही. जे उरले त्यावरून इतिहास रचावयाचा हा आमचा धंदा; आणि उरते ते बहुधा मिरवण्याचे.

मराठीने फारसीतून दोन शब्द घेतले आहेत. कोणत्याही दुपदरी वस्त्राचे वरचे, दिसणारे कापड म्हणजे 'अब्रा' आणि आतले, न दिसणारे कापड म्हणजे 'अस्तर'. अस्तर हा शब्द आपण मूळ अर्थानेच वापरतो. अब्रा याचे मात्र आपण 'अभ्रा' असे रूप केले आणि तो उशीच्या खोळीस वाहिला. या दोन शब्दांची आठवण वाचकांनी ठेवावी. घरातील शिवणकामाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास त्यांच्याच आधाराने नीट समजतो, असे आम्हांस वाटते.

प्रथम गोधडी होते कशी ते पाहू. नऊवारी लुगडे बरीच वर्षे नेसून विरले, ओच्याच्या जागी जाळी पडू लागली, की ते गोधडीस पात्र ठरते. नवे कापड या कामास चालत नाही; त्यातील खळ आणि ताठपणा शेकडो धुण्यांनी निघून गेला पाहिजे, तेव्हाच सुई त्यातून सहज जाते आणि अंगास ऊब मिळते. अशा लुगड्याचे सव्वादोन वारांचे चार तुकडे करावे. लुगड्याचा पन्हा सुमारे सव्वा वार धरला, तर दोन तुकडे शेजारी शेजारी जोडल्यावर सव्वादोन वार लांब व अडीच वार रुंद असा वरचा पदर तयार होतो आणि उरलेल्या दोन तुकड्यांचा खालचा. या दोहोंमध्ये जुनी धोतरे, उपरणी, सदरे, परकर, मुलांचे अंगरखे यांचे तुकडे सपाट पसरावयाचे. कोठे उंचवटा राहता कामा नये. हे सारे जमिनीवर मांडून कोपऱ्यांवर वजने ठेवतात आणि कडेपासून आत येत येत धावदोरा घालतात. ओळींमध्ये एक इंचाचे अंतर ठेवले तर सुमारे ८० ओळी होतात. प्रत्येक ओळ ९० इंचांची. आणि इंचास तीन टाके धरले तर एका गोधडीस २१,६०० टाके लागतात. आपल्या योगग्रंथांत मनुष्याच्या अहोरात्रातील श्वासांची संख्याही नेमकी एवढीच सांगितली आहे. हा केवळ आकड्यांचा योगायोग आहे हे आम्ही जाणतो. तथापि दोहोंची मोजदाद कोणी ठेवत नाही आणि दोहोंवर घर चालते, एवढे साम्य त्यात खरेच आहे.

आता ग्रंथांकडे वळू. फाटक्या वस्त्रांच्या तुकड्यांचा सर्वांत प्राचीन सन्मान बौद्धांच्या विनयपिटकात आढळतो. त्यातील महावग्गाच्या आठव्या खंधकात अशी कथा आहे की, मगध देशातून जात असता बुद्धाने बांधाबांधांनी विभागलेली शेते पाहिली आणि भिक्षूंचे चीवर त्या शेतांच्या नमुन्यावर तुकडे जोडून करता येईल काय, असे आनंदास विचारले. आनंदाने तसे चीवर करून दाखविले. कापलेल्या वस्त्रास बाजारात मोल राहत नाही, म्हणून त्याचा लोभ कोणास सुटत नाही, हा त्यातील व्यवहारही त्या कथेत नमूद आहे. पुढे भर्तृहरीच्या वैराग्यशतकात शतखंड झालेली कंथा ही निःस्पृहतेची खूण म्हणून येते. नाथपंथी जोग्यांच्या वेषात तर कंथेस झोळी आणि कुबडी यांच्याइतकेच मानाचे स्थान आहे. आणि निवृत्तिनाथांच्या द्वारे ज्ञानेश्वरांपर्यंत पोहोचलेली ती परंपरा महाराष्ट्राच्या घरचीच आहे.

अगदी अलीकडचे उदाहरण गाडगे महाराजांचे. १८७६ साली विदर्भात जन्मलेल्या आणि १९५६ साली निवर्तलेल्या या थोर पुरुषाने अंगावर चिंध्यांचे वस्त्र, डोक्यावर अथवा हातात मडक्याचे खापर आणि हाती खराटा एवढ्याच साधनांनी गावेच्या गावे स्वच्छ केली. लोक त्यांना गोधडेबुवा असेही म्हणत. धर्मशाळा, शाळा, गोरक्षण यांसाठी लाखो रुपये ज्यांच्या शब्दावर उभे राहिले, त्यांनी स्वतःसाठी चिंध्यांपलीकडे काही घेतले नाही.

हा सारा वारसा उज्ज्वल आहे यात शंका नाही. पण तो वाचताना एक गोष्ट आमच्या ध्यानात येऊ लागली. या सर्व ग्रंथांत आणि चरित्रांत कंथा पांघरणाऱ्याचे वर्णन आहे. शिवणाऱ्या हाताचे जवळजवळ कोठेच नाही. विरक्त पुरुषाने ठिगळे अंगावर घेतली तर तो त्याग ठरतो. त्याच वेळी शेजारच्या घरात एक बाई दिव्याच्या उजेडात तीच ठिगळे मुलांना थंडी वाजू नये म्हणून जोडत असते. तिच्या कृतीस मात्र काटकसर यापलीकडे नाव मिळत नाही. एकाची गोधडी संसार सोडल्याची निशाणी आणि दुसरीची संसार सांभाळल्याची. इतिहासाने पहिलीची नोंद घेतली.

वस्त्राचा आणि ग्रंथाचा संबंध महाराष्ट्रात आणखी एका प्रकारे जुळला आहे. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी आपला पंचीकरणाचा ग्रंथ कागदावर न लिहिता पासोडीवर, म्हणजे अंगावर पांघरण्याच्या जाड्याभरड्या वस्त्रावर लिहिला. सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशी ती पासोडी अंबाजोगाईस जतन करून ठेवलेली आहे. पांघरूण हेच पुस्तक झाल्याचे असे उदाहरण विरळा. मात्र त्यावर अक्षरे आहेत म्हणून ते चारशे वर्षे जपले गेले, हेही विसरता येत नाही. ज्या पांघरुणांवर अक्षरे नव्हती, त्यांना वाचणारा कोणी भेटला नाही.

गोधडीचे नाव परकी माणसाच्या कानी पडून छापील पुस्तकात आले ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस. यान हायखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपाच्या पदरी नोकरीस होता. १५८३ ते १५८८ पर्यंत गोव्यात राहून त्याने जे पाहिले-ऐकले, ते १५९६ साली आपल्या प्रवासवृत्तात प्रसिद्ध केले. खंबायतच्या मालाचे वर्णन करताना तो रेशमाने व रंगीबेरंगी सुताने टाके घातलेल्या सुंदर पांघरुणांचा उल्लेख करतो आणि त्यांची दोन नावे देतो. एक पोर्तुगीज 'कोल्चा' आणि दुसरे 'गोदोरीन'. या दुसऱ्या नावात आपली गोदडी ओळखू येते. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी आपला हिंदी-इंग्रजी शब्दांचा प्रसिद्ध कोश सिद्ध केला, तेव्हा 'गुदडी' या शब्दाखाली त्यांनी लिन्सखोटेनचाच दाखला दिला.

वाचकांच्या मनात येथे सहज प्रश्न येईल की, खंबायतच्या त्या रेशमी पांघरुणांचे आणि आमच्या आजीच्या वाकळीचे नाते काय? नाते टाक्याचे आहे. थरांना एकत्र धरणारी क्रिया दोहोंत एकच. फरक हा की, एक व्यापारासाठी नव्या कापडाची केलेली आणि दुसरी घरासाठी जुन्याची. त्याच काळात बंगालमधील सातगावच्या परिसरातून पिवळ्या-सोनेरी जंगली रेशमाने भरलेल्या भव्य कोल्चा पोर्तुगालला जात. त्यांवर शिकारीची दृश्ये आणि ख्रिस्ती व यहुदी पुराणांतील प्रसंग भरलेले असत. त्यांतील कित्येक आज लिस्बन व लंडन येथील संग्रहालयांत सुस्थितीत आहेत. लंडनच्याच व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयात सिसिली बेटातील चौदाव्या शतकातली 'ट्रिस्टन' नावाची रजई आहे. तिच्यावर ट्रिस्टन या वीराची कथा उठावदार टाक्यांनी चितारलेली आहे. सहाशे वर्षांहून अधिक काळ ती टिकली, याचे कारण ती श्रीमंतांच्या दालनाची शोभा होती. तिच्याच काळी सिसिलीतील शेतकऱ्यांच्या घरी जी पांघरुणे असतील, त्यांचा धागाही उरलेला नाही. तेव्हा हा अन्याय केवळ आपल्याकडचा नव्हे. जगभरच्या संग्रहालयांत अभ्रे जपलेले आहेत आणि अस्तरे गळून गेली आहेत.

या नियमास हिंदुस्थानात एक मोठा अपवाद घडला तो बंगालच्या कांथेचा. कांथा आणि कंथा हे शब्द एकच. जुन्या साड्या आणि धोतरे एकावर एक ठेवून, साड्यांच्या काठांतून उसवलेल्या रंगीत धाग्यांनी त्यांवर कमळे, हत्ती, रथ, पालख्या भरण्याची बंगाली स्त्रियांची रीत होती. आय.सी.एस. अधिकारी गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी नोकरीच्या निमित्ताने खेड्यापाड्यांतून फिरताना अशा कांथा जमविल्या. त्यांचा संग्रह पुढे कलकत्त्याजवळ जोका येथील संग्रहालयात ठेवण्यात आला. कवी जसीमुद्दीन यांनी १९२९ साली नक्षीदार कांथेभोवती गुंफलेले आख्यानकाव्य प्रसिद्ध केले, आणि १९३९ साली स्टेला क्रामरिश या विदुषीने कलेच्या इतिहासाच्या दृष्टीने कांथेचा विचार मांडला. दत्तांच्या संग्रहात मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने एकोणिसाव्या शतकात आपल्या वडिलांसाठी शिवलेली एक कांथा आहे. तीवर तिने आपले नाव सुईने लिहून ठेवले आहे. नाव लिहिले म्हणून ती आज आपल्याला माहीत झाली. आमच्या महाराष्ट्रातील गोधड्यांवर अशी सही आम्ही अद्याप एकदाही पाहिलेली नाही.

आपल्या दक्षिणेच्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी स्त्रियांची 'कवंदी' हीही याच कुळातली. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. त्यांतील अनेक गोव्याच्या पोर्तुगीजांच्या दास्यातून निसटून त्या रानांत आश्रयास गेले. कवंदीचे तुकडे कडेपासून मध्याकडे शिवीत नेतात आणि अखेरीस चारी कोपऱ्यांवर कापडाची त्रिकोणी घडी बसवितात. तिला 'फुला' म्हणतात. फुला लावल्यावाचून कवंदी उघडीबोडकी दिसते, असे त्या स्त्रिया मानतात. या फुलांनी पांघरूण अधिक उबदार होत नाही. तरीही अन्नवस्त्राची ओढाताण असलेल्या घरांत ही फुले लावली जातात, यावरून गोधडी म्हणजे निव्वळ गरज अशी जी आपली समजूत आहे, ती सुधारून घेणे प्राप्त आहे.

आता एकोणिसाव्या शतकाच्या महाराष्ट्राकडे येऊ. या शतकात घरातील सुईच्या आयुष्यात दोन घडामोडी झाल्या. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. आणि विलायती कापडाबरोबर देशी गिरण्यांचेही स्वस्त कापड घरोघर आले. कपडे वाढले, तशा चिंध्याही वाढल्या. दुसरी घडामोड शाळेची. मुलींच्या शाळांत, विशेषतः मिशनरी बायांनी चालविलेल्या शाळांत, लिहिण्यावाचण्याबरोबर शिवण व भरतकाम हे विषय असत. पुढे पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात आणि १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने निघालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणाचे शिक्षण हे अनाथ, विधवा व परित्यक्ता स्त्रियांच्या पोटाचे साधन झाले. सिंगरच्या यंत्राला १८५१ साली पेटंट मिळाले होते. ते यंत्र पुढे मध्यमवर्गाच्या घरात आले आणि खटखटू लागले.

येथून एकाच घरात दोन सुया नांदू लागल्या. एक आजीची, दाभणाइतकी जाड, जमिनीवर बसून धावदोरा घालणारी. दुसरी नातीची, शाळेतून आलेली, नमुन्याच्या पुस्तकावरून साखळीटाका, गहूटाका, काजटाका घालणारी. या दुसऱ्या सुईचे आवडते क्षेत्र म्हणजे उशीचा अभ्रा. उशी हा शब्द संस्कृत 'उच्छीर्षक' यापासून आलेला, म्हणून उशाशी म्हणजे डोक्याकडे. पण विसाव्या शतकात उशी डोक्याखालून निघून बैठकीच्या खोलीत आली. तिच्या अभ्र्यावर गुलाबाची फुले, पोपटांची जोडी, मोर, नाहीतर 'सुस्वागतम्' अशी अक्षरे आली आणि कडेने झालर लागली. मुलगी दाखविण्याच्या प्रसंगी हे अभ्रे, टेबलक्लॉथ व भिंतीवरील चौकटी पाहुण्यांच्या दृष्टीस पडतील अशा बेताने मांडण्यात येत. मैत्रिणीच्या लग्नात स्वतः भरलेल्या अभ्र्यांची जोडी देणे हा उत्तम आहेर गणला जाई.

या अभ्र्यांची थट्टा करण्याचा मोह विद्वान पुरुषांना पूर्वीपासून आहे; आम्ही तो आवरतो. ज्या मुलीला घरात स्वतःची म्हणून एक पेटीही नव्हती, तिला अभ्र्याच्या कोपऱ्यात आपल्या नावाचे आद्याक्षर भरता आले, ही लहान गोष्ट नव्हे. ज्या विधवेने शिवणाच्या शिक्षणावर मुलांची पोटे भरली, तिच्या दृष्टीने तर ती सुई सरस्वतीपेक्षा कमी नव्हती. परंतु या नव्या सुईचा मान वाढत असता जुनीस लाज वाटू लागली, हेही तितकेच खरे आहे. अभ्रे बैठकीत आले आणि गोधड्या पाहुणे येण्यापूर्वी आतल्या खोलीत नेण्यात येऊ लागल्या. शिकल्यासवरल्या घरात वाकळ हा शब्द उच्चारणेही गावंढळपणाचे ठरले.

गोधडीवर संकटे बाहेरूनही आली. १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर झाला तेव्हा रँडच्या अधिकाराखाली गोऱ्या सोजिरांची पथके घरे तपासू लागली, आणि संशयावरून लोकांची अंथरुणे-पांघरुणे व चीजवस्तू बाहेर काढून जाळण्यात आल्या. त्या जुलमाची परिणती २२ जून रोजी रँडच्या खुनात झाली, हे शाळेतील मुलेही जाणतात. रोगाच्या कीटकांची भीती खोटी नव्हती. पण जाळणाऱ्याच्या डोळ्यांना जो चिंध्यांचा ढीग दिसला, त्यात त्या घराच्या दोनतीन पिढ्यांची वस्त्रे होती, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. पुढे आठच वर्षांनी, १९०५ साली, त्याच पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. या वेळी मात्र आपल्याच लोकांच्या हातांनी, स्वदेशीच्या व्रतासाठी. ती होळी पेटविणाऱ्यांचा आवेश आम्हांस पूज्य आहे. तथापि गोधडीच्या पोटात मँचेस्टरचे मलमल आणि इचलकरंजीचे लुगडे एकाच दोऱ्याने शिवलेले असते. त्यांतून परके तेवढे वेगळे काढावयाचे म्हटले तर सारी गोधडीच उसवावी लागेल.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची चणचण इतकी झाली की, १९४३ साली सरकारला सुती कापड व सूत यांवर नियंत्रण बसवावे लागले. आमची आजी त्या दिवसांची गोष्ट सांगे. आभाळ फाटल्यावर ठिगळ कोठे कोठे लावणार, असे लोक म्हणत. पण घरातील बाया आहे त्यालाच ठिगळ लावीत होत्या. त्या चारपाच वर्षांत आमच्या घरी नवी गोधडी झाली नाही, कारण जुने म्हणून टाकण्याजोगे वस्त्र कोणाच्या अंगावर उरलेच नव्हते.

खरी अखेर मात्र टंचाईने आली नाही. ती सुबत्तेने आली. नऊवारी लुगडे मागे पडून पाचवारी-सहावारी साडी आली, हे एक कारण. दुसरे अधिक बलवत्तर. साडी सुताची राहिली नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टर यांची झाली. हे कापड विरत नाही, मऊ होत नाही, घाम शोषत नाही. जे वस्त्र म्हातारे होत नाही त्याची गोधडी कशी होणार? आणि तिसरे कारण दारावर येणाऱ्या बोहारणीचे. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी ती कष्टाळू बाई. गोधडीचा कच्चा माल तिच्या गाठोड्यातून निघून गेला.

या तिसऱ्या कारणात आमचा स्वतःचा हात आहे, आणि तो कबूल केल्यावाचून हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९८८ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा एम.ए.च्या अभ्यासात बुडालेले होतो आणि पेशव्यांच्या दप्तरातील कागदांच्या नकला करण्यात आम्हांस धन्यता वाटत होती. आजीने माळ्यावर एक गाठोडे बांधून ठेवले होते. त्यात तिच्या सासूची दोन इरकली लुगडी, आजोबांची धोतरे आणि आमच्या वडिलांचे लहानपणीचे काही कपडे होते. हिवाळ्याआधी त्यांची एक गोधडी करून ती आम्हांस द्यावी, असा तिचा मनोदय असल्याचे आम्हांस पुढे कळले. एके दुपारी ती देवळात गेली असता बोहारीण आली. घर आवरण्याच्या उत्साहात आम्ही ते गाठोडे खाली काढले, आणि बराच वेळ घासाघीस करून, आपण मोठी बाजी मारली अशा समजुतीने, एक मोठा स्टीलचा डबा घेतला. आजी परत आली. तिने डबा हातात घेतला, झाकण उघडून पुन्हा लावून पाहिले आणि म्हणाली, "झाकण घट्ट बसतंय हो." त्यापलीकडे ती एक शब्द बोलली नाही, आणि त्यानंतर तिने गोधडीही शिवावयास घेतली नाही. दोन वर्षांनी ती गेली. तो डबा आमच्या स्वयंपाकघरात आजही आहे.

आजीच्या हातची एकच गोधडी आता शिल्लक आहे, ती आमच्या आत्याबाईंकडे. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. गेल्या दिवाळीत आम्ही वही-लेखणी घेऊन त्यांच्यासमोर बसलो आणि ती गोधडी उलगडून एकेका तुकड्याची हकिकत विचारू लागलो. हे काम दप्तरखान्यातील कामाहून अवघड होते असे नाही, पण अधिक गोड होते हे निश्चित. हा तुकडा पणजीच्या लुगड्याचा. हा आजोबांच्या कचेरीत घालावयाच्या सदऱ्याचा. शाईचा डाग अजून आहे. हा आत्याबाईंच्या पहिल्या परकराचा. असे करता करता आम्ही मध्यावरील एका लहान खणाच्या तुकड्यापाशी आलो. इतर तुकडे मलमलीसारखे मऊ झाले होते. हा मात्र अजून ठसठशीत होता. नवे कापड गोधडीत घालीत नाहीत, मग हे कसे, असे आम्ही विचारले. आत्याबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ती कुंची आहे रे. तुझ्या वडिलांच्या आधी एक झाला होता. बाराव्या दिवसापर्यंत राहिला नाही. आईनं कुंची आधीच शिवून ठेवली होती."

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे. त्यात सात पिढ्यांचे पुरुष जन्म-मृत्यूच्या सालांसह दिलेले आहेत, आणि त्यांच्या सनदा-इनामांचे उतारे आहेत. या मुलाचा त्यात उल्लेख नाही. बारसे झाले नाही म्हणून त्याला नावही नव्हते. आमच्या वडिलांना त्याची माहिती होती की नाही, हे विचारण्यास आता ते नाहीत. त्या मुलाची या जगात एकच नोंद झाली. ती आजीने, कोणास न सांगता, घालावयाची राहून गेलेली कुंची उसवून गोधडीच्या मध्यभागी केली, आणि तिच्याखाली आपली पुढची तीन मुले वाढविली.

आज शहरांतील प्रदर्शनांत गोधड्या पुन्हा दिसू लागल्या आहेत. बचत गटांतील स्त्रिया नवे सुती कापड कापून, त्याचे तुकडे जोडून सुंदर गोधड्या आणि उश्यांचे अभ्रे करतात, आणि हौशी गृहिणी मैत्रिणींना भेट देण्यासाठी ते घरीही करू लागल्या आहेत. जोडावयाचे म्हणून चांगले कापड कापणे हे आमच्या आजीला हसू आणणारे वाटले असते. पण त्या कामाने चार घरांत पैसा जातो आणि सुईची सवय हातात टिकते. म्हणून त्यास नाक मुरडण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. आमची वाचकांस एवढीच विनंती आहे की, आपल्या घरी जुनी गोधडी असेल आणि ती ओळखणारे कोणी वडीलधारे माणूस असेल, तर एक दुपार काढून तिच्यातले तुकडे विचारून घ्यावे व लिहून ठेवावे. कुंचीच्या तुकड्याशी आमची नोंद अडली आहे. त्याच्या पुढचे अकरा तुकडे अजून विचारावयाचे आहेत. या महिन्यात आम्ही पुन्हा आत्याबाईंकडे जाणार आहोत.